मिरज मिशन हॉस्पिटल : शस्त्रक्रियेकडून प्रशिक्षणाकडे

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळांनी डॉक्टरांना आशिया व आफ्रिका खंडांत पाठविण्यास प्रारंभ केला. धर्मप्रसार हा या कार्याचा उघड हेतू होता आणि रुग्णसेवा हे त्याचे प्रभावी साधन होते. त्यामुळे या कार्याकडे एक तर भक्तिभावाने किंवा निव्वळ संशयाने पाहिले गेले. या संस्थांनी स्थानिकांच्या हाती किती विद्या सोपविली, हा निकष मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या निकषावर मिरज मिशन हॉस्पिटलचा विचार केला आहे.

डॉ. वानलेस यांचे कार्य :
कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १८६५ मध्ये जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस हे न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सांगलीतील आरंभीच्या कार्यानंतर त्यांनी मिरज येथे दवाखाना सुरू केला व १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे गाव आणि रेल्वेचे जंक्शन होते. त्यामुळे दूरदूरचे रुग्ण येथे पोहोचू शकत. मोतीबिंदू व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी या रुग्णालयाचा लौकिक पसरला. पुढे कुष्ठरुग्णांसाठी आश्रम आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निर्माण झाले. वानलेसवाडी या नावातून ती स्मृती आजही टिकून आहे. १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ मध्ये त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

प्रशिक्षणाचे महत्त्व :
शल्यविशारद कितीही कुशल असला तरी त्याचे हात दोनच असतात आणि तो मायदेशी परतला की ते कौशल्यही त्याच्याबरोबर जाते. या दृष्टीने १८९७ मध्ये मिरजेत सुरू झालेली वैद्यकीय शाळा रुग्णालयाइतकीच महत्त्वाची ठरते. मिशनच्या दवाखान्यांसाठी भारतीय ख्रिस्ती तरुण तयार करणे, हा तिचा मूळ उद्देश होता. ही मर्यादा नाकारता येत नाही. परंतु एकदा शिकविलेली विद्या शिकविणाऱ्याच्या हेतूपुरती बांधलेली राहत नाही.

निष्कर्ष :
१९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मिरज येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष रुग्णशिक्षणासाठी याच मिशन हॉस्पिटलचा आधार घेतला गेला. धर्मकार्यासाठी उभारलेल्या वॉर्डांत धर्मनिरपेक्ष शासनाचे, सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी शिकू लागले. हे स्थित्यंतर संस्थापकांच्या मूळ योजनेत नव्हते, तरी त्याची पायाभरणी त्यांच्याच अध्यापनाने झाली होती. तात्पर्य, परदेशी वैद्यकीय सेवेचे मोल केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येवरून ठरविणे अपुरे आहे. सेवा देणारा निघून गेल्यानंतर तेथे काय उरले, हा प्रश्न इतिहासकाराने प्रथम विचारावयास हवा.