कर्जरोख्यांची होळी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपडीला हळदकुंकू वाहण्याची आपली चाल आहे. पण पुणे जिल्ह्यात एकदा लोकांनी याच चोपड्या आगीत टाकल्या. आजचा दौंड तालुका ज्या जुन्या भीमथडीत मोडत असे, त्या भीमथडीतील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी ही होळी पेटली. मात्र तिचे जळण जमले होते ते फार दूर, सातासमुद्रापलीकडे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले. मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याबरोबर इतर मालाचे भावही चढले, आणि सावकार हात सैल सोडून कर्जे देऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. पुढच्याच मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बसली व बँक ऑफ इंग्लंडने व्याजाचा दर शेकडा १० वर नेला. पैसा महाग झाला, तो नेमका माल स्वस्त झाल्यावर! त्यातच १८६७ पासून सरकारने फेरआकारणी करून सारा वाढवला.

आता कर्जाचे गणित पाहा. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता : व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. पण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीनच वर्षांचे आयुष्य दिले. हेतू रयतेच्या भल्याचा. परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा होऊ लागला. समजा, दरसाल शेकडा २४ ने १०० रुपये घेतले. तीन वर्षांनी १७२ चा रोखा, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा. दामदुपट कागदावरच राहिली.

शिरूर तालुक्यातील कर्डे गावी १८७४ च्या डिसेंबरात एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर देशमुखाचे घर पाडायला काढले. गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला : कोणी पाणी भरेना, न्हावी हजामत करीना. सुप्यापर्यंत पोहोचता पोहोचता या असहकाराचा दंगा झाला. तरी लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवरच अधिक होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे चौकशी होऊन १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला.

ही गोष्ट केवळ कापसाची नव्हे. तेलाच्या भरवशावर मेक्सिकोने अशीच कर्जे काढली. १९८१ साली अमेरिकेतले व्याजदर शेकडा २० च्या आसपास गेले, तेलाचा भाव उतरू लागला, आणि १९८२ च्या ऑगस्टात त्या देशाने हात वर केले. उलट नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाचा पैसा गंगाजळीत ठेवण्याची सोय केली.

भरतीच्या वेळी ज्याची कणगी भरते तो ओहोटीला तगतो. पण शिरूर-भीमथडीच्या कुणब्याला कणगी भरायची सवड कोणी दिली? भरतीचा पैसा त्याच्या हातून गेला, आणि ओहोटीचे व्याज तेवढे त्याच्या नावावर राहिले.