अर्धं नारिंग

परक्या भाषेतला शब्द शिकताना माणूस जरा बिचकतो. पण पुष्कळदा तो शब्द आपल्याच घरून पळून गेलेला निघतो. स्पॅनिशमधला 'नारांखा' हा त्यातलाच. त्यातला 'खा' म्हणताना घसा खाकरून 'ख' आणि 'ह' यांच्या मधला काहीतरी आवाज काढायचा असतो. आमच्या हुडकेश्वरच्या घरात नात त्याचा सराव करू लागली, तेव्हा आमच्या हिनं मुकाट्यानं तिच्यापुढे हळद घातलेलं दूध आणून ठेवलं.

अर्थ विचारला, तर म्हणे संत्रं! नागपूरकराला संत्रं शिकवायला निघालेली भाषा म्हणून मी तिची जरा चौकशी केली.

संस्कृतात 'नारंग'. तोही मूळचा द्राविडी असावा असं पंडित म्हणतात, तेव्हा संस्कृतनंही फार ऐट करू नये. हा शब्द इराणमार्गे अरबांकडे गेला. अरबीत 'ग' नाही, म्हणून त्याचा 'नारंज' झाला. अरबांच्या फौजा ७११ साली स्पेनमध्ये उतरल्या आणि पुढच्या काही शतकांत त्यांच्या मागोमाग हे झाडही तिथं रुजलं. १४९२ साली ग्रानाडा पडलं, राज्य गेलं, नारिंग मात्र राहिलं. राजाला हाकलता येतं हो. जिभेवर बसलेल्याला कोण हाकलणार? दुसऱ्याच वर्षी कोलंबसानं आपल्या दुसऱ्या सफरीत त्याच्या बिया अमेरिकेकडे नेल्या.

अरबांनी नेलेलं हे नारिंग होतं कडू. सेव्हिल शहरात आजही रस्तोरस्ती ती झाडं आहेत आणि फळं सुखरूप लटकत असतात. आमच्या गल्लीत संत्र्याचं झाड असतं, तर फूलसुद्धा वाचलं नसतं! गोड जात युरोपभर पसरवली पोर्तुगीजांनी. म्हणून अरब आज गोड संत्र्याला 'बुर्तुकाल', म्हणजे चक्क पोर्तुगाल म्हणतात, आणि 'नारंज' उरलं कडू फळापुरतं. आपणही कमी नाही. मोझांबिकवरून आपण 'मोसंबी' केली. नागपुरात राज्य संत्र्याचं. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बिचारं नारिंग आपल्याकडे उरलं ते रंगापुरतं, नारिंगी म्हणून.

आता रोजचा वापर. संत्र्याचा रस मागायचा तर माद्रिदमध्ये 'थुमो दे नारांखा', मेक्सिकोत 'खुगो दे नारांखा'. पोर्तो रिकोत मात्र संत्र्यालाच 'चीना' म्हणतात. स्पेनमध्ये कुणाची मागणी साफ उडवून लावायची, तर 'चीनची संत्री!' म्हणायचं, आपण 'घंटा!' म्हणतो तसं.

खरी गोडी पुढेच आहे. 'मेदिया नारांखा', म्हणजे अर्धं संत्रं, हे तिकडे जोडीदाराला म्हणतात. "अरे, ही तर आपली अर्धांगिनी!" मी म्हणालो.

"तसं नाही, आजोबा," नात म्हणाली. "हे नवऱ्यालाही म्हणतात. आणि नारांखा स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे तो सहा फुटी मिशाळ गडी असला, तरी बायकोची 'ती' मेदिया नारांखा!"

आपल्याकडे बायको अर्धांगिनी. नवऱ्यासाठी तसाच शब्द शोधायला गेलं, तर हाती लागतो अर्धांगवायू. "बरोबरच आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला. "काही कामाला हात हलत नाही, ते दुसरं काय असतं?"

मी विषय बदलला, पण विषय काही सुटला नाही. बाई तेवढी अर्धी आणि पुरुष मात्र सबंध, हा हिशेब आपण शतकानुशतकं शास्त्राच्या आधारानं चालवला. शब्द इथून गेला. पण फळ मधोमध कापलं की दोन्ही अर्धी सारखीच असतात, हे आपल्याला स्पेनकडून ऐकावं लागलं.

तसा नागपूरकर संत्रं कापत नाही, सोलतो. म्हणजे सोलतं कुणीतरी, आणि फोडी येतात वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या बशीत. बशीतल्या बियासुद्धा कुणी काढल्या, हे तो विचारत नाही. हे असं चालू आहे, तोवर मेदिया नारांखाचा अर्थ आपल्याला पाठ झाला म्हणता येईल. रोजच्या वापरात यायला मात्र अवकाश आहे.