पायाखालची जमीन कुणाची?

मुंबई एकेकाळी वर्षाला अवघ्या दहा पौंडांवर दिलेली होती, असं सांगितलं तर आज कुणाला पटणार नाही. पण इतिहास तसाच आहे. १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला मिळालं. राजाला ते सांभाळणं जड झालं. १६६८ साली त्यानं सनद करून बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. बदल्यात कंपनीनं दरवर्षी ३० सप्टेंबरला सोन्याच्या रूपात दहा पौंड भरायचे.

या सनदेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भाडं होतं, पण मुदत नव्हती. दहा पौंड भरत राहा आणि बेट कायमचं ठेवा, असा तो व्यवहार होता.

आता ही जुनी गोष्ट आज कशाला? सांगतो. मी काही कायद्याचा माणूस नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा गृहस्थ. पण शेजारीपाजारी जुने कागद घेऊन माझ्याकडे येतात. मालक, वारस, हक्क, कब्जा, दस्त, नजराणा हे अरबी-फारसी शब्द त्या कागदांत अजून नांदताहेत, आणि ते मला समजत असावेत, असा लोकांचा समज आहे. असाच एक तरुण शेजारी मध्यंतरी विचारत होता, "भाई, फ्लॅट पसंत पडलाय. पण जमीन लीजची आहे म्हणतात. मग घर आपलं की नाही?"

प्रश्न साधा वाटतो. मुंबईत मात्र तो साडेतीनशे वर्षं जुना आहे.

पोर्तुगीजांच्या काळापासून इथं 'फजिंदारी' नावाची पद्धत आहे. पोर्तुगीज भाषेत फझेंदा म्हणजे इस्टेट. जमीन फजिंदाराची, तीवर घर दुसऱ्याचं, आणि घरवाल्यानं फजिंदाराला थोडंसं भुईभाडं द्यायचं, अशी ही रीत. दुसरा शब्द 'फोरास'. समुद्राचं पाणी शिरणाऱ्या खाजणी कंपनीनं बांध घालून अडवल्या आणि ती खारी जमीन कसायला लोक बोलावले. ते जो सारा भरत, तो फोरास. मुंबईच्या फोरास रोडचं नाव त्यावरूनच पडलं. पुढं जमिनीला किंमत आली आणि वाद उभा राहिला. कसणारा कायमचा, की कंपनी म्हणेल तोवरचा? अखेर १८५१ चा कायदा झाला आणि साऱ्याखेरीज इतर हक्क कंपनीनं सोडून दिले. इथंही सारा राहिला, टांगती तलवार गेली.

मुदतीची गोष्ट खऱ्या अर्थानं रुजली ती प्लेगनंतर. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला. दाट, कोंदट वस्त्या रोगाचं मूळ ठरल्या आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं रस्ते काढले, दादर-माटुंग्यासारख्या नव्या वसाहती आखल्या आणि भूखंड विकण्याऐवजी भाडेपट्ट्यानं दिले. काही ९९ वर्षांनी, तर काही ९९९ वर्षांनी. हेतू वाईट नव्हता. जमीन सार्वजनिक राहावी, इमारत किती उंच, मोकळी जागा किती, याच्या अटी घालता याव्यात, हा विचार त्यामागं होता. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि जमीनमालक बदलला. पट्टे मात्र तसेच चालू राहिले.

सही करणाऱ्याला ९९ वर्षं म्हणजे अनंतकाळ वाटला असेल. पण हा आकडा बरोबर तीन पिढ्यांचा आहे. आजोबा सही करतात, बाप निर्धास्त राहतो आणि नोटीस नातवाच्या हातात पडते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचंच पाहा. ते घर नव्हे, पण उदाहरण बोलकं आहे. १९१४ साली सुरू झालेला पट्टा २०१३ साली संपला. २०२४ मध्ये नवा निर्णय झाला, तेव्हा मोठा हिस्सा उद्यानासाठी महापालिकेकडे गेला आणि उरलेल्या जागेला मुदत मिळाली ती ३० वर्षांची. नवी मुंबईत सिडकोनं भूखंड दिले ते ६० वर्षांच्या पट्ट्यानं. म्हणजे तिथं हिशेब दोन पिढ्यांतच येतो.

मुदतीइतक्याच अटीही महत्त्वाच्या असतात. घर विकायला कुणाची परवानगी लागते? हस्तांतराचे पैसे किती? भाडं कधी आणि कशाच्या आधारानं वाढेल? मुंबई बंदराच्या जमिनींवरच्या भाडेवाढीचा वाद वर्षानुवर्षं चालला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात सांगितलं, की सार्वजनिक संस्थेनं जमीनमालक म्हणून वागतानाही वाजवीपणा सोडता कामा नये. सरकारी पट्ट्याच्या आणि भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी रक्कम भरून वर्ग एक करून घेण्याची वाट राज्य सरकारनं २०१९ च्या नियमांनी मोकळी केली. ज्या इंग्लंडातून ही पद्धत आली, तिथंही १९६७ पासून पट्टेदारांच्या बाजूनं कायदे होत आले आहेत आणि २०२४ साली संसदेनं घरांच्या पट्ट्यांची मुदत ९९० वर्षांनी वाढवून घेण्याच्या हक्काचा कायदा संमत केला.

मग फ्रीहोल्ड म्हटलं की काळजी मिटली का? तसंही नाही. राज्याच्या १९६३ च्या फ्लॅट कायद्यानुसार बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी. असंख्य सोसायट्यांच्या बाबतीत ते झालंच नाही. म्हणून २००८ साली कायद्यात 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय करावी लागली. शब्द जिभेला जड आहे खरा, पण अर्थ सोपा आहे. बिल्डर सही करत नसेल, तर सरकारी अधिकारी तुमचा हक्क लिहून देईल. तोवर कागदावर फ्रीहोल्ड असलेली जमीन तुमची नसतेच.

म्हणून त्या तरुणाला मी लीजचं घर घेऊ नकोस असं म्हटलं नाही. ९९९ वर्षांचा आणि सौम्य अटींचा पट्टा हा अभिहस्तांतरण न झालेल्या फ्रीहोल्डपेक्षा कितीतरी बरा असू शकतो. मी म्हटलं, मालमत्ता पत्रक काढ आणि 'धारणाधिकार' हा रकाना पाहा. पट्टा असेल तर मूळ करार माग. तो कोणत्या वर्षी सुरू झाला, किती वर्षं उरली आणि मुदतवाढ तुझा हक्क आहे की देणाऱ्याची मर्जी, हे वाच. आणि हे सगळं वकिलाला दाखव, कवीला नको.

भाडं भरावं लागलं म्हणून घर परकं होत नाही. दहा पौंडांच्या सनदेपासून फोरासपर्यंत इतिहास हेच सांगतो. घर परकं होतं ते न वाचलेल्या तारखेमुळं. आपण भिंतींचा रंग पाहतो, खिडकीतून येणारा वारा पाहतो. तारीख कागदाच्या आतल्या पानावर असते. ती आपण आज वाचली, तर नातवाला अचानक वाचावी लागणार नाही.