वांगणीचा पूर आणि ध्रुवावरचा बर्फ

२७ जुलै २०१९ ची सकाळ बदलापूर-वांगणी पट्ट्यातले लोक विसरलेले नाहीत. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ अडकली. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासचे गावकरी धावले, सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर आले. अशा पुरानंतर चर्चा ठरलेली असते. एक म्हणतो, "ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, सगळे बुडणार." दुसरा म्हणतो, "समुद्र कुठे, वांगणी कुठे!" दोघांनीही हिशेब केलेला नसतो.

आधी बर्फाचा हिशेब. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तरी पातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यातला बर्फ विरघळून सरबत सांडत नाही, तसेच. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्याने आणि तापलेले पाणी प्रसरण पावल्याने. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. पण त्याला शतकानुशतके लागतील.

समुद्र याआधीही चढला आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, तो आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, म्हणजे चाळीस मजली इमारतीइतका. मग बर्फ वितळला आणि किनारे आत सरकले. गेली काही हजार वर्षे मात्र पातळी बरीचशी स्थिर राहिली. त्या स्थिरतेच्या भरवशावर माणसाने बंदरे आणि शहरे वसवली. आपल्या उल्हासच्या खाडीवरचे प्राचीन कल्याण बंदर त्यांपैकीच एक.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होते. जगभरच्या अशा नोंदी सांगतात की १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर चढला. वीतभर ऐकून हसू येईल. पण वेग पाहा: विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वर्षाला १.३ मिलिमीटर, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर. वेग जवळपास तिप्पट झाला. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट आजच भरतीला पाण्याखाली जाते. तिथे वीतभर म्हणजे काय, ते जियारतीला जाणाऱ्याला विचारावे.

वांगणीत या शतकात समुद्र येणार नाही. २०१९ चे पाणी पावसाचे आणि नदीचे होते. पण जी उष्णता बर्फ वितळवते, तीच पावसालाही बळ देते: हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. शिवाय उल्हासचे पाणी शेवटी वसईच्या खाडीत उतरते. समुद्र जितका वर, तितका भरतीच्या वेळी खालच्या पट्ट्यातल्या पाण्याचा निचरा मंद. त्यात आपण नदीच्या पूररेषेत चाळी आणि इमारती उभ्या करतो आणि ओढे बुजवतो. ते पाप ध्रुवावरच्या बर्फाच्या माथी मारता येत नाही.

म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही आणि निवांत बसण्याचेही. हजरत नूह अलैहिस्सलाम कोरड्या जमिनीवर नाव बांधत होते, तेव्हा येणारे-जाणारे त्यांची थट्टा करत, असे कुरआन सांगते. नाव पूर येण्याआधीच बांधायची असते. आपल्यासाठी ती नाव म्हणजे पूररेषा मोकळी ठेवणे आणि ओढे वाहते ठेवणे. घर घेताना आपण स्टेशन किती मिनिटांवर, एवढेच विचारतो. नदी किती अंतरावर, हेही विचारायला हवे.