पोर्ट १४३४

२४ जुलै २००२, सहा महिने आधी

मायक्रोसॉफ्टने एक सुरक्षा सूचना काढली, एमएस०२-०३९. एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या चुका ब्रिटिश संशोधक डेव्हिड लिचफील्ड याने शोधून काढल्या होत्या. सूचनेसोबत पॅचही आला. चुका तीन होत्या आणि तिन्ही एकाच दारात होत्या: यूडीपी पोर्ट १४३४.

हे दार कशाला, ते आधी सांगायला हवं. एसक्यूएल सर्व्हर टीसीपी १४३३ वर ऐकत बसतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण २००० च्या आवृत्तीत एकाच मशीनवर अनेक इन्स्टन्स, म्हणजे सर्व्हरच्या स्वतंत्र प्रती, बसवायची सोय आली. १४३३ एकालाच मिळणार, बाकीचे मोकळा सापडेल तो पोर्ट घेणार. मग क्लायंटला आपला डेटाबेस कुठे आहे हे कळायचं कसं? त्यासाठी १४३४ वर चौकशीची खिडकी उघडली. क्लायंट तिथे एक छोटं पॅकेट टाकतो. पहिला बाइट ०४, म्हणजे ‘या नावाचा इन्स्टन्स कुठे?’, आणि त्यामागे नाव. उत्तराचा पहिला बाइट ०५, मग दोन बाइट लांबीचे, मग अर्धविरामांनी तोडलेली एक साधी ओळ: सर्व्हरचं नाव, इन्स्टन्सचं नाव, आवृत्ती, टीसीपी, पोर्ट नंबर. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. ते सगळं पुढच्या दारावर. इथे फक्त पत्ता विचारायचा.

एक चूक इथे होती: आलेलं नाव सर्व्हर रजिस्ट्रीच्या एका मार्गात चिकटवायचा आणि ती जोडलेली ओळ स्टॅकवरच्या ठरावीक जागेत उतरवायचा. नाव किती लांब आहे, हे मोजत नव्हता.

तिन्हींपैकी आणखी एक चूक मला आजही अस्वस्थ करते. ०ए हा एकच बाइट पाठवला की सर्व्हर ०ए हाच बाइट परत पाठवायचा. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहून तिथे दुसऱ्या सर्व्हरचा टाकला, की ते दोघे एकमेकांना उत्तरं देत बसणार, कुणीतरी एक बंद करेपर्यंत.

शुक्रवार, २४ जानेवारी २००३, संध्याकाळी ६

म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सहा जण, पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर, ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन. बाहेरचा पत्ता थेट सर्व्हरलाच दिलेला, फायरवॉल नाही. सर्व्हर माझ्याकडे होता. एसक्यूएल सर्व्हर २००० चा सर्व्हिस पॅक ३ नुकताच, १७ जानेवारीला आला होता. तो उतरवायला आमच्या लाइनवर काही तास गेले असते आणि दिवसा लाइन अडवायची तर मालकांना विचारावं लागलं असतं. सोमवारी बघू, असं मी वहीत लिहिलं. ती वही अजून आहे.

शनिवार, सकाळी ९:३०

एका कारखान्याच्या मजुरांचा जानेवारीचा पगार काढायचा होता. उद्या रविवार, शिवाय प्रजासत्ताक दिन, म्हणून आजच. खालून फिल्टर कॉफी आली. प्रिंटरला रुंद कागद लावला.

सकाळी ११:००

जगाच्या घड्याळात साडेपाच, सेऊलमध्ये दुपारचे अडीच, सिअ‍ॅटलमध्ये शुक्रवारी रात्रीचे साडेनऊ. कुणीतरी, कुठूनतरी, पहिलं पॅकेट सोडलं. कुणी, ते आजवर उघड झालेलं नाही.

ते पॅकेट जवळून पाहण्यासारखं आहे. आतला मजकूर ३७६ बाइट, आयपी आणि यूडीपीची शीर्षकं धरून ४०४. मराठीत हाताने लिहिलेल्या पोस्टकार्डावर याहून जास्त अक्षरं मावतात. पहिला बाइट ०४, अगदी नियमाप्रमाणे, पत्ता विचारणारा. मग नावाच्या जागी ०१, ०१, ०१ अशी लांब रांग, नुसती जागा भरायला. ती संपते तिथे स्टॅकवरचा परतीचा पत्ता पुसला जातो आणि त्यावर दुसरा बसतो. नाव वाचून झाल्यावर सर्व्हर आपल्या कामाकडे परतायला जातो आणि पॅकेटच्या पोटात जाऊन पडतो. तिथे थोडासा कोड: मशीनच्या घड्याळावरून एक आकडा घे, त्यातून कुठलाही एक आयपी पत्ता बनव, हेच पॅकेट तिथे १४३४ वर पाठव, पुन्हा पत्ता बनव. डिस्कवर काही लिहीत नाही, कुणाची फाइल उघडत नाही. फक्त पाठवत राहतो.

हा स्लॅमर नावाचा किडा, म्हणजे वर्म. यूडीपी असल्यामुळे त्याला उत्तराची वाट पाहावी लागत नव्हती. टीसीपीत आधी तीन पॅकेटांची देवाणघेवाण व्हावी लागते, समोर कुणी नसेल तर ताटकळावं लागतं. २००१ मध्ये कोड रेड नावाचा किडा टीसीपीवरून पसरला तेव्हा त्याला दुप्पट व्हायला सुमारे ३७ मिनिटं लागत होती. स्लॅमर सुरुवातीला साडेआठ सेकंदांत दुप्पट होत होता.

११:०३

जगभर मिळून सेकंदाला साडेपाच कोटी पॅकेटं. इथून पुढे वाढीचा वेग मंदावला, कारण तारांत जागा उरली नव्हती.

११:१०

ज्यांना लागण होऊ शकत होती, त्यांतली नव्वद टक्के मशीनं गेली होती. मोजलेल्या मशीनांची संख्या किमान ७५ हजार. त्यांत आमचं एक.

पगारपत्रकाची चौथी शीट निघता निघता प्रिंटर थांबला. मला वाटलं कागद अडकला. मग स्विचकडे लक्ष गेलं. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टचा हिरवा दिवा एरवी लुकलुकायचा, तो आता सलग पेटलेला होता. सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, माउस हलत नव्हता. मालक दारात येऊन “एनाय्तु?” विचारत होते. काय झालं ते मलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, लाइन गेलीय, सर.

लाइन गेली नव्हती. ६४ केबीपीएसमध्ये ४०४ बाइटची पॅकेटं सेकंदाला जेमतेम वीस मावतात. सर्व्हर आपल्या बाजूने हजारो ढकलत होता आणि त्यातली ती वीस अनोळखी पत्त्यांवर जात होती. चामराजपुरमच्या गल्लीतून आम्ही सेकंदाला वीस दारं ठोठावत होतो, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

दुपारी १२:१५

सर्व्हर बंद करून चालू केला. पाच मिनिटं सगळं सुरळीत. किडा मेमरीतच होता, बंद करताच मेला. पण बाहेरून पॅकेटांचा मारा सुरूच होता, त्यातलं एक पुन्हा आत आलं. दिवा पुन्हा सलग पेटला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी राउटरची केबल ओढून काढली आणि दिवा विझला.

तोवर दक्षिण कोरियात देशभरातलं इंटरनेट बंद पडलं होतं. त्यानंतरच्या तासांत बँक ऑफ अमेरिकाच्या १३ हजार एटीएमपैकी बहुतेकांतून पैसे निघेनात आणि सिअ‍ॅटलजवळच्या एका आपत्कालीन केंद्रात फोन घेणारे कागदावर नोंदी करू लागले. ज्यांच्याकडे पॅच होता त्यांचंही नेटवर्क तुंबलं. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतली मशीनंही सुटली नाहीत.

दुपारी ४

केबल काढलेलीच. पगार काढून झाला, हाताने दोनदा ताळा घेतला. मजुरांना पैसे वेळेवर मिळाले, याचं मला फार समाधान वाटलं.

रविवार, पहाटे ३:२०

ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात तेव्हा शनिवारची संध्याकाळ, ४:५०. सुरक्षिततेचे आकडे दाखवणारी यंत्रणा बंद पडली. ३:४३ ला केंद्राचा प्रक्रिया-संगणकही गेला. केंद्राच्या फायरवॉलने १४३४ अडवला असता; पण एका कंत्राटदाराच्या नेटवर्कमधून आत आलेली टी-१ लाइन त्या फायरवॉलला वळसा घालून गेली होती. भट्टी फेब्रुवारी २००२ पासून दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून धोका टळला. ती चालू असती तर, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

सकाळी ८:१०

चार तास पन्नास मिनिटांनी डेव्हिस-बेसीची सुरक्षा यंत्रणा परत आली.

सकाळी ९:५२

तिथला प्रक्रिया-संगणकही सुरू झाला. इथे खालच्या घरात टीव्हीवर दिल्लीचं संचलन चालू होतं, बँडचा आवाज जिन्यावरून वर येत होता. ऑफिसला सुट्टी, मी एकटाच. एका मित्राने पॅच फ्लॉपीवर आणून दिला होता. मोठा सर्व्हिस पॅक नव्हे, फक्त बदललेली एक फाइल, एसएसनेटलिब डीएलएल. जुलैपासून उपलब्ध असलेली. सेवा बंद केली, जुनी फाइल बाजूला ठेवली, नवी तिच्या जागी टाकली, सेवा सुरू केली. चार मिनिटं लागली.

मग राउटरवर १४३४ बंद केला आणि केबल परत लावली. स्विचसमोर खुर्ची ओढून बसलो. दिवा लागला. विझला. लागला.