शितावरून भाताची परीक्षा

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें शहर यंत्रमागांसाठीं प्रसिद्ध आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग मांडले. पुढें विजेचे माग आले. व्यापाऱ्यानें सूत द्यावें आणि विणकरानें मजुरीवर कापड विणावें, ही येथील रूढ रीत. तयार तागे समोर आले म्हणजे प्रश्न एकच उरतो: माल घ्यावा कीं परत करावा? प्रत्येक तागा उलगडून पाहण्यास वेळ व पैसा पुरत नाहीं. म्हणून थोडे पाहून सर्वांचा निवाडा होतो. घरोघर शितावरून भाताची परीक्षा होते, तीच ही रीत. परंतु शितें किती पाहावींत?

याचें गणिती उत्तर अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत मिळालें. टेलिफोनच्या असंख्य लहान भागांची तपासणी हा तेथील नित्याचा प्रश्न होता. हॅरल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनीं १९२९ सालीं नमुना-तपासणीची पद्धति प्रसिद्ध केली. सदोष माल निसटण्याचें भय ठरलेल्या मर्यादेंत राहावें आणि तपासणीचे एकूण श्रम कमींत कमी व्हावेत, अशा बेतानें तिची मांडणी होती. त्यांचेच सहकारी वॉल्टर श्यूहार्ट हे १९४७-४८ मध्यें प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतांत आले व त्यांनीं गुणनियंत्रणाचें हें शास्त्र येथील उद्योगांपुढें मांडलें.

भिवंडीच्या ताग्यांवर हा हिशेब लावून पाहावा. मोठ्या ढिगांतून वाटेल तसे ५० तागे काढावे. दोनपर्यंत सदोष निघाल्यास सर्व माल घ्यावा, अधिक निघाल्यास परत करावा. शेंकडा दोनच तागे वाईट असलेला माल या नियमानें १०० पैकीं सुमारें ९२ वेळां पसंत होतो. उरलेल्या ८ वेळां चांगल्या विणकराचा माल नाहक परत जातो. उलट, शेंकडा दहा तागे वाईट असलेला माल सुमारें ११ वेळां व्यापाऱ्याच्या गळ्यांत पडतो. अधिक तागे काढून नियम त्या मानानें बदलला, तर दोन्ही चुका घटतात. पण तपासणीचा खर्च वाढतो.

तात्पर्य, गणित चूक नाहींशी करीत नाहीं. ती किती व्हावयाची आणि कोणीं सोसावयाची, हें आधीं सांगतें. केवळ नजरेच्या निवाड्यांत ही वांटणी झांकून राहते, आणि जो दुबळा त्याच्यावर भार पडतो. नियम तपासणीपूर्वीं उभयतांनीं ठरविला, तर मजुरी कापली गेलेल्या विणकराला निदान कारण तरी विचारतां येईल.