पैसा कोणाच्या खाती?

वाणिज्य आणि व्यवस्थापन या शाखांत आज लिहिल्या जाणाऱ्या पीएच.डी.च्या प्रबंधांपैकी बहुतेकांचा साचा पाहताक्षणी ओळखू येतो. एखादी सहकारी बँक निवडावी, प्रश्नावली वाटावी, उत्तरे पाच बिंदूंच्या मापपट्टीवर मांडावीत आणि ग्राहक सामान्यतः समाधानी असले तरी सुधारणेस वाव आहे, असा निष्कर्ष काढावा. (मराठी विभागात बसून आम्ही हे म्हणावे याला कोणी हसेल, ‘अमुकांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’ हा साचा आमच्याच घरचा आहे.) विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केला, पुढे ढकलला आणि २०२३ साली मागे घेतला. या काळात प्रबंधांची घाई वाढली, यात नवल नाही. परंतु जमाखर्चाच्या वह्या हा संशोधनाचा किती जिवंत विषय होऊ शकतो, हे पाहायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अर्थशास्त्रीय लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात एकत्र प्रसिद्ध केले. साहित्याच्या अभ्यासकांकडून हा खंड फारसा उघडला जात नाही. त्यात आकड्यांचे तक्ते आहेत, एवढेच त्याचे कारण असावे. आमच्या मते मात्र हे तक्ते म्हणजेच या लेखनाची खरी संहिता आहे.

कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी जो निबंध लिहिला, त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था हा होता. म्हणजे एका व्यापारी कंपनीचे हिशेब. पण ही कंपनी राज्यही करीत होती. तिचे भांडवल साठ लाख पौंडांचे. १८३३च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला, तरी भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश कायम राहिला. वर्षाला सहा लाख तीस हजार पौंड होणारी ही रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायची होती. १८५८ साली कंपनीचे राज्य गेले, तेव्हा तिचे कर्जही याच महसुलावर चढवण्यात आले. शंभर पौंडांच्या भागास दोनशे पौंड या दराने भागधारकांची रक्कम १८७४ साली फेडली गेली, तीही येथल्याच खात्यातून. कंपनी विकली गेली आणि किंमत विकल्या गेलेल्या देशानेच चुकती केली. या व्यवहारावर कितीही संतप्त निबंध लिहिता आले असते; आंबेडकर वहीची पाने उलटतात आणि नोंद दाखवतात. चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा हा संयम आम्हाला आजही थक्क करतो.

पुढचा विषय अधिक अवघड. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती हा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला. प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याशिवाय कोलंबिया विद्यापीठ डॉक्टरेट देत नसे. त्यामुळे १९१६ साली न्यूयॉर्क सोडलेल्या या विद्यार्थ्याला पदवी मिळाली ती १९२७ साली. ग्रंथाला प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची, आणि अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांना.

या ग्रंथाचा गाभा एका साध्या प्रश्नात आहे. १८३३नंतर मुंबई किंवा मद्रास सरकारला वरिष्ठ सरकारच्या मंजुरीवाचून एखादे नवे पदही निर्माण करता येत नव्हते. सगळी जमा एका तिजोरीची, सगळा खर्च तिच्या परवानगीचा. १८७० साली लॉर्ड मेयोने तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, रस्ते अशी काही लेखाशीर्षे प्रांतांकडे सोपवली आणि त्यांसाठी ठरावीक रक्कम दिली. ती पूर्वीच्या खर्चाहून कमी होती, म्हणून उरलेल्यासाठी प्रांतांनी स्थानिक कर बसवले. १८७७पासून रकमेऐवजी उत्पन्नाच्या काही बाबी मिळू लागल्या, १८८२पासून प्रमुख बाबींत वाटणी आली. आंबेडकर या तीन टप्प्यांना नावे देतात, प्रत्येकाचे तक्ते मांडतात आणि मग विचारतात: प्रांताचे म्हणून जे अंदाजपत्रक छापले जाते, त्यातला पैसा प्रांताचा आहे काय?

त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. कायद्याने कर बसवण्याचा, कर्ज काढण्याचा, खर्च करण्याचा स्वतंत्र अधिकार प्रांतांना नव्हता. मध्यवर्ती सरकारने स्वतःच्याच वहीतली काही पाने सोयीसाठी वेगळी बांधली होती. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या वेळी प्रांतांच्या शिलकेतून रकमा घेण्यात आल्या, तेव्हा पानांचा मालक कोण, हे उघड झाले. खाते कोणाच्या नावाचे यापेक्षा त्यावर सही कोणाची चालते, हे पाहणारी ही दृष्टी आहे. रुपयाच्या प्रश्नावरील लंडनच्या डी.एस्सी. प्रबंधातही (१९२३) तीच दिसते. केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर त्यांचा मुख्य आक्षेप हा की तिच्यात रुपये पाडण्यावर सरकारच्या मर्जीखेरीज दुसरे बंधन उरत नाही.

हा मनुष्य मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्र शिकवत होता, आणि १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा. याच दुसऱ्या काळात महाड घडले. सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा मुंबई कायदेमंडळाचा १९२३चा ठराव लक्षपूर्वक वाचावा. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो म्हणतो. दयेचा किंवा धर्माचा आधार तो घेत नाही. आधार आहे तो निधीचा. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्यायले. अडीच महिन्यांनी कोलंबियाची पदवी अधिकृत झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. डिसेंबरात स्पृश्य पुढारी न्यायालयात गेले, ते तळे खाजगी स्वरूपाचे असल्याचा दावा घेऊन. दहा वर्षे वाद चालला तो मालकी आणि वहिवाट यांवर. १९३७च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रबंधातला प्रश्न आणि तळ्यावरचा प्रश्न यांचा थेट संबंध आंबेडकरांनी कोठे जोडला आहे, असा आमचा दावा नाही. पण सहावा खंड वाचून महाडकडे वळले की वाक्यरचना ओळखीची वाटते.

३० मे १९४९ रोजी घटनासमितीत नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या कलमांवर चर्चा झाली. घटनेतील हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे काम न्यायसंस्थेहूनही मोलाचे आहे, असे आंबेडकर तेथे म्हणाले. स्वतःचा नोकरवर्ग नेमण्याचे जे स्वातंत्र्य न्यायसंस्थेला दिले, ते त्याला देता आले नाही, याची खंतही त्यांनी त्याच भाषणात नोंदवून ठेवली.